डायवर रात्री खंय निजता?

कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या आमसभेत एकदा एक प्रश्न आला आणि सगळा हॉल हसला. करोनाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. व्यासपीठावर आमदार, तहसीलदार, गटविकास अधिकारी. पुढच्या दोन रांगांत खात्याखात्याची माणसं, मांडीवर फायली घेऊन. मागे आम्ही, म्हणजे ज्यांना बोलायचं असतं पण ज्यांच्यापर्यंत माईक पोचेस्तोवर जेवणाची वेळ होते ते. एसटीच्या गाड्यांचा विषय निघाला. चार-पाच जण नेहमीचं बोलले: फेऱ्या वाढवा, गाड्या जुन्या झाल्या, वेळेवर सोडा. पुढच्या रांगेतून नेहमीचं उत्तर आलं. मग पंचायत समितीच्या एक सदस्या उठल्या. त्यांनी विचारलं, "आमच्या गावात वस्तीची गाडी येता. तिचो डायवर रात्री खंय निजता? आणि सकाळी खंय जाता?"

हसू ओसरल्यावर व्यासपीठावरून कोणीतरी म्हणालं, "काकी, मुद्द्यावर या."

"ह्योच मुद्दो," काकी म्हणाल्या.

आणि खरोखर तोच मुद्दा होता. वस्तीची गाडी संध्याकाळी तालुक्याहून सुटते, शेवटच्या गावी मुक्काम करते आणि उजाडायच्या आत तिथूनच परत निघते. कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लावायला जाणारी म्हातारी माणसं, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायका, सगळ्यांचं घड्याळ तिच्यावर लागलेलं. तिच्या चालक-वाहकाला झोपायला मिळते शाळेची पडवी, देवळाची ओसरी, नाहीतर गाडीतलीच मागची लांब सीट. भर पावसात, डासांत. सकाळी जायला जागा नाही. मग त्या फेरीवर नाव लागलं की माणूस रजा टाकतो. माणूस नाही म्हणून फेरी रद्द. चार दिवस गाडी आली नाही की लोक टमटम धरतात. लोक तुटले की भारमान, म्हणजे गाडी किती भरते त्याचा आकडा, घसरतं, आणि भारमान घसरलं की फेरी कायमची बंद. मग पुढच्या सभेत कोणीतरी सभ्य प्रश्न विचारतो, "फेरी का बंद केली?" आणि सभ्य उत्तर येतं, "भारमान कमी असल्याने." या साखळीची पहिली कडी "खंय निजता" ही होती, आणि तिथे आम्ही हसलो. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

वाहतुकीबद्दल कोणी लोकप्रतिनिधी वेडगळ वाटणारा प्रश्न विचारतो तेव्हा त्याची क्लिप फिरते, त्यावर विनोद होतात, आणि आपल्याला वाटतं की आपण शहाणे. माझं मत उलट आहे. हसायचंच असेल तर नेहमीच्या प्रश्नांना हसावं.

विधिमंडळातल्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाचा साचा ज्यांनी वाचला असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अमुक रस्त्याची दुरवस्था झाल्याने अपघात वाढले आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा तयार असतो. हे खरे आहे, हे खरे नाही, किंवा सगळ्यात लाडकं: हे अंशतः खरे आहे. शेवटी, प्रश्न उद्भवत नाही. या प्रश्नोत्तरात कोणाचीच चूक काढता येत नाही. आमदाराने प्रश्न विचारला, मंत्र्याने उत्तर दिलं, खात्याने माहिती पुरवली, छापील यादीत सगळं आलं. रस्ता आहे तिथेच आहे, अंशतः.

त्यातला आमच्याकडचा सगळ्यात वाया गेलेला प्रश्न म्हणजे "मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार?" पनवेल ते इंदापूर या पहिल्या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आज मतदान करतं. मधल्या काळात महामार्गाचा नंबर १७ चा ६६ झाला, मंत्री बदलले, सरकारं बदलली, आणि प्रत्येक गणपतीच्या आधी एक नवी तारीख मिळाली. "कधी" या प्रश्नाला तारीख हे उत्तर चालतं, हाच त्या प्रश्नाचा दोष. तारीख द्यायला काही लागत नाही. त्याऐवजी कोणी विचारून बघावं: मागच्या वेळी जी तारीख दिली ती कोणी काढली होती, आणि कोणता कागद समोर ठेवून काढली होती? ऐकायला हा प्रश्न खडूस वाटतो, मत्सराने विचारल्यासारखा. पण त्याला तारीख देऊन सुटता येत नाही. एक माणूस आणि एक कागद दाखवावा लागतो.

इंग्लंडमधला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. १८२५ साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं विधेयक संसदेच्या समितीपुढे होतं आणि त्या रेल्वेचा अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याची उलटतपासणी चालली होती. समितीत त्याला विचारलं म्हणे, रुळावर गाय आली तर मोठी अडचण होणार नाही का? स्टीफन्सन त्याच्या गावठी बोलीत म्हणाला, होईल की, गायीची. हा किस्सा आजवर विचारणाऱ्याच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. विधेयक त्या वर्षी पडलं, पुढच्या वर्षी मंजूर झालं, १५ सप्टेंबर १८३० ला गाडी धावली, आणि उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन नावाचा लिव्हरपूलचा खासदार इंजिनाखाली सापडून मेला. रुळावर कोण येऊ शकतं याचा विचार पुरेसा झाला नव्हता, एवढं तरी त्यावरून दिसतं. आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आपली नवी कोरी गांधीनगर-मुंबई वंदे भारत म्हशींच्या कळपावर आदळून तिचं नाक फुटलं, दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे गाय आली, आणि मग रेल्वेने त्या मार्गाच्या कडेने कुंपण घालायला घेतलं. म्हणजे गायीचा प्रश्न शेवटी पोलादात आणि पैशांत सोडवावा लागलाच.

आमच्या महामार्गावर तो अजून सुटलेला नाही. पाऊस सुरू झाला की संध्याकाळी गुरं डांबरावर येऊन बसतात. जमीन ओली असते, रस्ता कोरडा आणि उबदार. नांगर गेले, पॉवर टिलर आले, तेव्हा बैलाला घरात काम उरलं नाही. गाय आटली की तिलाही दावं सोडून देतात. रात्री वळणावर दोन डोळे चमकतात तेव्हा मोटारसायकलवाल्याला ब्रेक मारायला वेळ नसतो. आता यावर "मोकाट गुरांमुळे अपघात होतात, हे खरे आहे काय" असं विचारून काय मिळणार? विचारावं की तालुक्यात चालू स्थितीतले कोंडवाडे किती, त्यातल्या किती कोंडवाड्यांना दार आहे, आणि गेल्या वर्षी त्यांत किती गुरं पडली. कोंडवाडा हा शब्द सभागृहात उच्चारला तर हशा पिकेल. पिकू दे.

मधू दंडवत्यांचं उदाहरण मला या बाबतीत फार महत्त्वाचं वाटतं. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले. त्यांचा मतदारसंघ राजापूर, आणि त्या मतदारसंघात तेव्हा रुळाचा एक इंचही नव्हता. त्यांच्या आधी तिथून निवडून येणारे बॅरिस्टर नाथ पै कोकणच्या रेल्वेसाठी आयुष्यभर भांडले आणि रेल्वे न बघताच १९७१ मध्ये गेले. अशा ठिकाणचा मंत्री पहिल्यांदा काय विचारेल? आमच्याकडे रेल्वे कधी, हेच. दंडवत्यांनी तेही सोडलं नाही, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा नुसत्या लाकडी फळ्या असत. त्यांच्यावर दोन इंच फोम आला तो दंडवत्यांच्या कारकिर्दीत. गरिबाच्या पाठीला रात्रभर काय टोचतं हा प्रश्न धोरणाच्या कागदावर कसा दिसला असेल, कल्पना करा. ज्याच्या मतदारसंघात इंचभर रूळ नाही त्याने देशाला दोन इंच फोम दिला. पुढे १९८९-९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, अभियंते ई. श्रीधरन कामाला लागले, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला.

या मार्गाबद्दलचा माझा आवडता विचित्र प्रश्न असा: कोकण रेल्वेचा किलोमीटर किती मीटरचा असतो? चेष्टा नाही. ही रेल्वे केंद्राच्या नेहमीच्या पैशांतून झाली नाही. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा, आणि वर कर्जरोखे. ते कर्ज फेडायचं म्हणून प्रवासी भाडं काढताना प्रत्यक्ष अंतर ४० टक्के वाढवून धरण्याची पद्धत ठेवली गेली. शंभर किलोमीटर गेलात की तिकिटावर एकशे चाळीस गेलात. ७४१ किलोमीटरचा मार्ग हिशेबात हजाराच्या पुढे जातो. चाकरमानी वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून हे लांबलेले किलोमीटर विकत घेतो, आणि त्याला वाटतं की आरक्षण मिळालं हेच नशीब. याबद्दल "भाडे जास्त आहे, हे खरे आहे काय" असा प्रश्न विचारला की उत्तरात डोंगर, बोगदे, पूल आणि दरडी येतात, आणि ते सगळं खरंच असतं. पण "किलोमीटर किती मीटरचा" असं विचारलं की उत्तरात फक्त एक आकडा येऊ शकतो. मग तो आकडा किती वर्षांसाठी होता आणि कर्ज किती फिटलं, हे पुढचे प्रश्न आपोआप रांगेत येतात. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायची चर्चा आता चालली आहे. नावाचं काय, हिश्शाच्या पैशांचं काय, हे विचारलं जातंय. मीटरचं काय, हे त्याच्या आधी विचारायला हवं होतं.

भारमानाचंही तसंच. कोकणातली सकाळची गाडी तालुक्याकडे येताना दाराला लोंबकळत येते आणि परत जाताना रिकामी जाते. संध्याकाळी उलट. दोन्हींची सरासरी काढली की फेरी तोट्यातली ठरते, आणि लोंबकळणारा माणूस कागदावर नाहीसा होतो. गाडी भरली म्हणून न थांबता निघून गेली आणि जे थांब्यावर राहिले, त्यांना तर कुठल्याच रकान्यात जागा नाही. त्यांचं तिकीटच फाटलेलं नसतं. "चढू न शकलेल्या प्रवाशांचं भारमान किती?" हा प्रश्न तर्काच्या दृष्टीने वेडा आहे. पण धोरण ज्या आकड्यावर ठरतं त्या आकड्यातलं भोक तो बरोब्बर दाखवतो.

आता एक जड उदाहरण. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असं तेव्हा सांगण्यात आलं. मग चर्चा झाली ती जबाबदार कोण, मदत किती, नवा पूल कधी यांवर. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, आणि हे काम खरोखर कौतुकाचं होतं. पण मला एक साधा प्रश्न अजून छळतो. पाहणी करणारा माणूस पुलावर उभा होता की पुलाखाली उतरला होता? दगडी कमानीचा पूल वरून बघून काय कळतं? खाली पाण्यात पाया किती उघडा पडलाय, सांध्यांतून पिंपळ किती आत गेलाय, हे दिसायला होडीतून जावं लागतं. कोकणात असे जुने पूल अजून बरेच आहेत. त्यांच्या पाहणीबद्दल विधानसभेत कोणी विचारलं की "पाहणी केलेल्या अधिकाऱ्याचे पाय भिजले होते काय", तर अध्यक्ष ते कामकाजातून काढून टाकतील. मला मात्र त्या एका प्रश्नाचं उत्तर पाहणीच्या पन्नास पानी अहवालापेक्षा जास्त हवं आहे.

पाण्यावरही तेच. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या घरांत ती तारीख अजून सांगितली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे जाणाऱ्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, पुन्हा माणसं गेली, आणि मग लाइफ जॅकेट सक्तीची झाली. आता कुठल्याही धक्क्यावर विचारा, जॅकेट आहेत का? आहेत. किती? क्षमतेइतकी. रीतसर. पण लहान मुलाच्या मापाची किती? इथे तिकीट फाडणारा तुमच्याकडे बघायला लागतो. चार वर्षांच्या पोराला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, या फेरीबोटींनी कोकणचे कितीतरी तासांचे वळसे वाचवले आहेत आणि त्या मला प्रिय आहेत. म्हणूनच त्यांच्याबद्दल कोणा आमदाराने मापाचा प्रश्न विचारावा असं वाटतं. टेलरच्या दुकानातला प्रश्न वाटेल, पण विचारावा.

सगळेच विचित्र प्रश्न चांगले, असं मात्र मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी मांडलं होतं की गाड्यांच्या हॉर्नमध्ये बासरी, तबला, हार्मोनियम, व्हायोलिन अशा भारतीय वाद्यांचेच आवाज असावेत असा कायदा करता येईल. (व्हायोलिन भारतीय कधी झालं हा उपप्रश्न.) कल्पना गमतीची आहे, आणि हॉर्नचा जाच खरा आहे. पण ती सुचली आहे ती घरात बसून हॉर्न ऐकणाऱ्याला, रस्त्यावर तो वाजवणाऱ्याला नाही. करूळ घाटात धुकं उतरलं की वळणापलीकडचं काही दिसत नाही. तिथे हॉर्न म्हणजे भाषा असते. समोरून बासरी ऐकू आली तर ट्रकवाला गुराखी समजून पुढे दामटेल. घाटातल्या कोणत्या वळणांवर आरसा आहे आणि कोणत्या नाही, हे विचारलं असतं तर हॉर्न आपोआप कमी झाले असते. दोन्ही प्रश्न सारखेच चमत्कारिक. पण एकात विचारणारा गाडीच्या बाहेर, लांब कुठेतरी आहे, आणि दुसऱ्यात तो स्टिअरिंगमागे बसलाय.

मला हाच फरक खरा वाटतो. काकींना ड्रायव्हरच्या झोपेबद्दल विचारता आलं कारण पडवीत झोपलेल्या ड्रायव्हरला सकाळचा चहा त्या द्यायच्या. आमचे बहुतेक लोकप्रतिनिधी आता गाडीने फिरत नाहीत, म्हणजे एसटीने. त्यांना मिळणाऱ्या प्रवासाच्या सवलतीबद्दल मला तक्रार नाही, ती त्यांनी वापरावी एवढंच म्हणणं आहे. थांब्यावर पाऊण तास उभं राहिलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात ते स्वीय सहायकाने लिहून दिलेल्या कागदावर कधीच येत नाहीत.

एका ओळखीच्या माजी लोकप्रतिनिधींशी यावर बोललो तेव्हा ते वैतागले. म्हणाले, "तुम्हाला काय जातं? लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात, तोंडी उत्तरापर्यंत पाच-सहा पोचतात. त्यात मी जॅकेटच्या मापाचं विचारू? उद्या पेपरात हेच येईल की मतदारसंघात रस्ते नाहीत आणि साहेब शिवणकाम करतायत." त्यांचं म्हणणं खोटं नाही. वेळ थोडा आहे, आणि हशाची भीती खरी आहे. हसं झालेला माणूस पुन्हा निवडून येणं कठीण. पण मग ही भीती कोणी घातली? आपणच. क्लिप आपण फिरवतो. "हे खरे आहे काय" विचारणाऱ्याची क्लिप कधी फिरत नाही, म्हणून तो सुरक्षित असतो. आणि अतारांकित प्रश्न तर आहेतच. त्यांना लेखी उत्तर मिळतं, तिथे हसायला कोणी नसतं, आणि आकडा कागदावर येतो. तिथे तरी माप विचारायला काय हरकत होती, यावर त्यांनी विषय बदलला आणि हापूसचं कसं काय यंदा, असं विचारलं.

काकींच्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षीच्या आमसभेत रिवाजाप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. त्यात ओळ होती, "वस्तीच्या फेरीबाबत सविस्तर चर्चा झाली." वाचणारा पुढच्या विषयाकडे वळला, तेवढ्यात मागून काकी उठल्या. माईक त्यांच्यापासून लांब होता, पण त्यांना माईकची गरज कधीच नव्हती.

"चर्चा खंय झाली?" त्या म्हणाल्या. "मी इचारलंय आणि तुमी हसलात. तसा लिवा."